पोटात यायच्या आधी वाटून दिलेली पिल्लं

मी शाई बोलतेय. डब्यातली नव्हे, चार पायांची. अंगाने काळीभोर, कानापासून शेपटीपर्यंत कुठेही दुसरा रंग नाही, आणि वाढले ती छापखान्यात, म्हणून हे नाव. छापखान्यात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक हे नाव ऐकून हसायचं आणि बाबांना वाटायचं, आपण केवढा मोठा विनोद केलाय.

माझा जन्म मात्र छापखान्यातला नाही. मी जन्मले एका फर्निचरच्या गोदामात, उलट्या ठेवलेल्या कपाटांच्या मागे. माझ्या आईची आठवण फार नाही. एक आठवतं की ती उभी राहिली की तिचे सड जमिनीला टेकायला यायचे, आणि आम्ही प्यायला लागलो की ती भिंतीकडे तोंड करून डोळे मिटायची. आमच्या आधीची तिची पिल्लं जाऊन फार दिवस झाले नव्हते, असं गोदामातला माणूस एका गिऱ्हाइकाला सांगत होता. दर माजाला व्यायते, कधी चुकत नाही, असं तो कौतुकाने म्हणाला.

मला तिथून उचललं ताईने. ताई म्हणजे छापखानेवाल्यांची एकुलती एक मुलगी. तिने मला बॅगेत घालून घरी आणलं, आणि तिचे आईबाबा ते माझेही आईबाबा झाले. हे असंच होतं. कुत्र्याला घरात आणणाऱ्याची नाती कुत्र्याला आयती मिळतात.

घर वर आणि छापखाना खाली. खाली एक मशीन, कागद कापायचं यंत्र, कागदाची रिमं आणि भिंतीला लागून शाईचे डबे. बाबा मशीन चालवायचे. आई कागदांना घड्या घालून पिना मारायची. पावतीपुस्तकं, पत्रिका, दुकानांची हँडबिलं असं काय काय तिथे छापलं जाई. रोलर पुसायच्या चिंध्यांचा एक ढीग कोपऱ्यात असायचा, तीच माझी गादी. रॉकेलच्या वासाने इतर कुत्री शिंकतात. मला त्या वासाने झोप येते.

आईने सुरुवातीला मला नको म्हटलं होतं. घरात आधीच पसारा कमी आहे का, असं तिचं म्हणणं. पण दोन दिवसांनी तीच मला बशीत दूध द्यायला लागली, आणि बशी चाटून झाली की पायाचा अंगठा हलवून माझ्याशी खेळायची. कुणी पाहिलं तर अंगठा थांबायचा.

बाबा मऊ माणूस. त्यांना कुणाला नाही म्हणता येत नसे. उद्या सकाळी हवंय म्हणणाऱ्यालाही ते हो म्हणायचे आणि परवा सकाळी हवंय म्हणणाऱ्यालाही उद्याच देतो म्हणायचे. मग आईने दोघांच्या शिव्या खायच्या. माझ्या बाबतीतही तसंच झालं. मी इतकीशी होते, स्वतःच्या शेपटीमागे फिरून पडत होते, तेव्हापासून आलेला माणूस मला उचलून म्हणायचा, "वा, जातिवंत दिसतेय. हिला पिल्लं झाली की एक आमच्यासाठी ठेवा बरं का." आणि बाबा म्हणायचे, "ठेवलं म्हणून समजा."

एक पिल्लू शेजारच्या चष्मेवाल्या काकांना. एक बँकेतल्या साहेबांना. एक शाळेच्या मुख्याध्यापिकेला, कारण शाळेची प्रगतिपुस्तकं आमच्याकडे छापायला येत. माझ्या पोटात काही नसतानाच माझी पिल्लं वाटून झाली होती.

पहिलं पिल्लू, आणि तेही निवडून घ्यायचा हक्क, मिळाला होता बंगलेवाल्यांना. छापखान्याची जागा त्यांच्या मालकीची. टेकडीच्या बाजूला त्यांचा बंगला, आणि बंगल्यात माझ्याच जातीचा एक भला मोठा काळा नर होता. त्याच्या आजोबांपणजोबांची नावं बंगलेवाल्यांना तोंडपाठ होती. जागेचा करार संपत आला होता. तो वाढवून द्यायचा की नाही हे सर्वस्वी त्यांच्या मनावर. त्यामुळे ते खुर्चीत बसून माझ्या डोक्यावरून हात फिरवायला लागले की बाबा मशीन बंद करून उभे राहायचे.

मी सहा महिन्यांची असताना ताई मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. टोचायचं होतं. बाबाही बरोबर होते. डॉक्टरीणबाईंनी माझे दात पाहिले, पोट चाचपलं आणि मग विचारलं, हिला पिल्लं होऊ द्यायची आहेत की नाहीत. ताई नाही म्हणाली, बाबा हो म्हणाले, दोघं एकाच वेळी.

मग डॉक्टरीणबाईंनी सावकाश समजावून सांगितलं. ही आता कधीही पहिल्यांदा माजावर येईल. लहान चणीच्या कुत्र्या लवकर येतात, मोठ्या कधी वर्ष उलटल्यावरही येतात, पण बहुतेकींचा पहिला माज वर्षाच्या आतबाहेर असतो. रक्ताचे डाग पडतील, दोनतीन आठवडे चालेल, मग पुन्हा सहासात महिन्यांनी. त्या काळात नराजवळ सोडलं तर ती गाभण राहील, यात शंका नाही. पण राहू शकते म्हणून राहू द्यायची नसते. तिची स्वतःची हाडं अजून वाढत असतात. निदान दोन वर्षांची होऊ द्या, दोनतीन माज जाऊ द्या, मग खुब्यांचा एक्स-रे काढू, डोळे बघू, आणि जो नर निवडाल त्याचंही हे सगळं बघायचं. एकदा व्यायली की मध्ये पुरती विश्रांती. आणि पाचसहा वर्षांनंतर बास. एवढं करायचं नसेल तर ऑपरेशन करून मोकळे व्हा, तिच्या जिवाला तेच बरं.

बाबा सगळ्याला हो हो म्हणत होते. मी तेव्हा बाबांचा हो ओळखायला शिकले नव्हते.

त्यानंतर ताईला दूरच्या शहरात नोकरी लागली. जाताना तिने मला जिन्यात मांडीवर घेतलं. आईला म्हणाली, हिच्याकडे बघ, बाबांच्या भरवशावर सोडू नकोस. आई म्हणाली, तुझ्या बाबांच्या भरवशावर मी काहीच सोडत नाही. दोघी हसल्या, आणि ताई गेली.

पहिला डाग पडला तो एका पत्रिकेवर. नवरानवरीच्या नावांवर लाल थेंब. आईने आधी मशीनची शाई समजून बोट लावून पाहिलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी नऊ महिन्यांची होते. मला काय होतंय ते मलाच कळत नव्हतं. मागची बाजू सुजल्यासारखी, सारखं चाटावंसं वाटे, खाणं नको, एका जागी बसवत नसे. गल्लीतली कुत्री, जी एरवी माझ्याकडे ढुंकून बघत नसत, ती सकाळपासून दाराशी रांग लावून बसू लागली. मी घाबरून कागदाच्या रिमांमागे शिरायचे. आईने जुन्या कापडाची एक चड्डी शिवली आणि मला घातली. मी ती ओढून काढायचे. आई पुन्हा घालायची आणि पुटपुटायची, "सोस जरा. आम्हीपण सोसलंय."

बाबांनी त्याच आठवड्यात बंगल्यावर फोन केला.

आई हातातल्या पिना ठेवून उठली. एरवी गिऱ्हाइकाच्या देखत ती बाबांना काही बोलत नसे, पण त्या दिवशी चष्मेवाले काका समोर बसलेले असताना बोलली. "अहो, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? ती स्वतःच पिल्लू आहे अजून. काल तुमची चप्पल पळवून जिन्याखाली लपवली तिने."

बाबा म्हणाले, "माज आला म्हणजे वय झालं. हे निसर्गाने ठरवलंय, मी नाही. डॉक्टर लोकांना घाबरवायची सवयच असते."

चष्मेवाले काका म्हणाले की एकदा पिल्लं झाली की कुत्री शांत होते, असं त्यांनीही ऐकलंय. नाही झाली तर पुढे आजार होतात म्हणे. कुणी सांगितलं, असं आईने विचारल्यावर त्यांना ते आठवेना.

आई मग हळूच म्हणाली, "मला सोळाव्या वर्षी दिवस गेले होते. तेव्हाही सगळे हेच म्हणाले होते, वय झालं." ते मूल राहिलं नव्हतं. ताई त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाली. बाबांनी मान खाली घातली, आणि मला वाटतं ते क्षणभर थांबलेही असते. पण बाहेर बंगल्याची गाडी येऊन उभी राहिली होती, आणि बाबांना नाही म्हणता येत नसे.

बंगल्याचं अंगण मोठं होतं, फरशीचं. त्या नराला तिथे आणलं. तो वाईट नव्हता, हे मी सांगायला हवं. तो थकलेला होता. उठताना मागचे पाय आधी ताठ होत, मग तो दोनदा डगमगायचा आणि मग चालायला लागायचा. कुणी म्हणालं नाही की हा असा का चालतो. दर थोड्या दिवसांनी एक नवी मादी त्याच्यापुढे आणली जायची आणि तो आपलं काम करायचा. मी पळाले, कोपऱ्यात गेले, बसून राहिले. बंगल्यावरच्या नोकराने माझा पट्टा आखूड धरला, आणि बंगलेवाल्यांनी स्वतः माझं तोंड धरलं. बाबा फाटकाशी पाठ करून उभे होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि एक दिवस सोडून पुन्हा.

करार वाढवून मिळाला. बाबांनी त्या दिवशी मिठाई आणली आणि त्यातला एक तुकडा मला दिला. मी तो ओकून टाकला.

दोन महिने मी पोट घेऊन वावरले. पोट वाढत होतं आणि मीही वाढत होते. आई जे घाली ते दोघांना पुरत नसावं, कारण माझ्या पाठीचा कणा वरून दिसू लागला. ताईचा फोन आला की बाबा म्हणायचे, शाई मस्त आहे, गुबगुबीत झालीय. आई फोन घ्यायची तेव्हा जेवणाखाण्याचं बोलायची. मी शेजारी बसून ताईचा आवाज ऐकायचे. एकदा तिने मला हाक मारली आणि मी भुंकले. ताई फोनमध्ये हसली. आईने फोन ठेवला आणि बराच वेळ घड्या घातल्या नाहीत.

कळा सुरू झाल्या तो कामाचा दिवस होता. शाळेची प्रगतिपुस्तकं द्यायची होती, मशीन सकाळपासून धडधडत होतं. मी चिंध्यांच्या ढिगात गोल गोल फिरले, उकरलं, बसले, उठले. दुखणं काय असतं ते मला तोवर माहीत नव्हतं. मी आईच्या पायांत जाऊन पडले. मला वाटलं, हे तिने केलंय आणि तीच थांबवेल.

दुपारपर्यंत एक पिल्लू आलं. ते हललं नाही. त्यानंतर काहीच येईना. मी जोर लावत होते आणि आत कुठेतरी दार बंद होतं. बाबांनी बंगल्यावर फोन केला, तर तिथून निरोप आला की निसर्गाचं काम निसर्गाला करू द्या, हात लावू नका. बाबांनी मशीन पुन्हा सुरू केलं. मला वाटतं, माझा आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

मशीन आईने बंद केलं. या छापखान्यात तिने मशीनच्या बटणाला हात लावलेला मी तेवढाच पाहिला. तिने मला चादरीत गुंडाळलं, रस्त्यावर उभी राहून रिक्षा थांबवली आणि डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉक्टरीणबाई मला पाहून एवढंच म्हणाल्या, "किती उशीर केलात." माझा जबडा अजून रुंद व्हायचा होता, छाती भरायची होती, तसाच तो आतला हाडांचा मार्गही अरुंद होता. पिल्लू अडकलं होतं. पोट कापावं लागलं.

कापायच्या आधी त्यांनी आईला विचारलं की गर्भपिशवीही काढून टाकू का, म्हणजे हे पुन्हा व्हायला नको. आईने बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, नको, एवढ्यात नको, लोकांना शब्द दिलेत. आई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. फोन हातात धरून उभी राहिली. डॉक्टरीणबाईंना थांबायला वेळ नव्हता, त्यांनी फक्त पिल्लं काढली.

शुद्धीवर आले तेव्हा माझ्या पोटावर टाके होते आणि टाक्यांशी दोन पिल्लं वळवळत होती. बाकीची गेली होती. मला कुणी सांगितलं नाही की ही माझी आहेत. त्यांना माझं काय हवंय तेच मला समजेना. ती तोंड लावायला आली की टाके दुखत आणि मी सरकून बसे. दूधही फारसं नव्हतं. आई कापसाचा बोळा दुधात बुडवून त्यांच्या तोंडात पिळायची, दर थोड्या वेळाने, सारखी. तरी एक थंड पडलं. आईने ते कागदात गुंडाळलं. कागद पत्रिकेचा होता, चुकीच्या तारखेमुळे रद्द झालेल्या गठ्ठ्यातला.

उरली एक मादी. माझ्यासारखी काळी, फक्त छातीवर पांढरा ठिपका. आई तिला ठिपकी म्हणायची. हळूहळू मला तिचं वेड लागलं. टाके वाळले, दूध आलं, आणि एक दिवस ती प्यायला लागली तेव्हा मी सरकले नाही. तेव्हा मला कळलं की हे माझं आहे. कळायला एवढा उशीर लागला कारण मलाच अजून कुणाचं तरी व्हायचं होतं.

ती खायला लागल्यावर बंगल्याची गाडी आली आणि तिला घेऊन गेली. निवडायला दुसरं काही नव्हतंच. गाडी वळेपर्यंत मी दाराशी होते, मग आत आले आणि चिंध्या उकरल्या. बरेच दिवस उकरत होते.

मग लोक यायला लागले. बँकेतले साहेब म्हणाले, आमच्या मुलीला मी कबूल करून बसलोय. मुख्याध्यापिकाबाई पुढच्या वर्षीच्या प्रगतिपुस्तकांचं नक्की नाही म्हणाल्या. एकाही माणसाने विचारलं नाही की कुत्री कशी आहे. बाबा प्रत्येकाला म्हणत, पुढच्या खेपेला नक्की. मी त्यांच्या पायाशी झोपलेले असायचे. बंगलेवाले म्हणाले, आता माजावर आली की लगेच कळवा, पहिलटकरणीचं असं होतं कधीकधी, दुसऱ्या खेपेला भरपूर देईल.

बाबा कागद आणायला गावाबाहेर गेले होते त्या दिवशी आईने माझा पट्टा काढला, धुतला, पुन्हा घातला आणि मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. या वेळी तिने कुणाला फोन केला नाही. संध्याकाळी बाबा परत आले तेव्हा मी चिंध्यांवर गुंगीत पडले होते आणि पोटावर नवी पट्टी होती. आईने सांगितलं, गर्भपिशवी काढून टाकली. बाबा म्हणाले, "मला विचारायचं तरी." आई म्हणाली, "विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता, आणि मग कुणाचा तरी फोन आला असता."

बाबा तिच्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. आईने त्याच काळात ताईला फोन करून सगळं पहिल्यापासून सांगितलं. ताई रडली की ओरडली ते मला ऐकू आलं नाही, आईने फोन कानाला घट्ट धरला होता. त्यानंतर ताई बाबांशी बोलायला तयार नव्हती. बंगलेवाल्यांना कळायचं ते कळलं. कराराची मुदत संपताच त्यांनी जागा मागितली.

आता आमचा छापखाना एका इमारतीच्या जिन्याखाली आहे. मशीन मावलं, कापायचं यंत्र विकावं लागलं. बाबा कागद बाहेरून कापून आणतात. उकाडा होतो. आईने एकदाही म्हटलं नाही की तिला पस्तावा झालाय.

ठिपकी परत आली ती याच जागेत. बंगल्याचा ड्रायव्हर तिला मागच्या सीटवरून उचलून आणत होता, कारण ती चालत नव्हती. निरोप असा होता की तुमच्याच कुत्रीचं पिल्लू आहे, दोष तिच्याकडूनच आला असणार, तुम्हीच ठेवा.

ड्रायव्हर जरा वेळ थांबला, पाणी प्यायला, आणि त्याच्याकडून सगळं कळलं. ती आणि तो थोराड नर एकाच अंगणात राहायचे. ती आठ महिन्यांची असताना माजावर आली. कुणी त्यांना वेगळं बांधलं नाही. तो तिचा बाप आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. बंगलेवाले म्हणाले होते, जनावरांत कसलं आलंय नातं. पिल्लं झाली, जी जगली ती लोकांनी नेली. ओझ्याने तिचे मागचे पाय गेले ते गेलेच. शिवाय व्यायल्यापासून अंगातून घाण जाते, वास येतो, म्हणून आता घरात नको.

आई म्हणाली, "शाई, अगं तुझीच आहे ही." मी हुंगलं. खरं सांगते, मला ओळख पटली नाही. तिच्या अंगाला ताप, पू आणि त्या अंगणाच्या फरशीचा वास होता. तीही माझ्यावर गुरगुरली. ती कुणाला शोधत होती ते मला माहीत होतं, कारण तसंच मीही शोधलं होतं. पुढच्या दोन पायांवर अंग ओढत ती रोलर पुसायच्या चिंध्यांपर्यंत गेली. एक चिंधी तिने तोंडात धरली, कोपऱ्यात नेऊन ठेवली, आणि तिच्याभोवती अंग वळवून झोपली. मग ती त्या चिंधीला चाटू लागली. रॉकेलने माखलेली चिंधी. बाबा ती काढून घ्यायला वाकले तर ती त्यांच्यावर दात विचकून आली. बाबा तसेच खाली बसले.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी फोटो काढले. दोन्ही खुबे जन्मापासूनच सैल होते, बापासारखे. वाढ पुरी होऊ दिली असती आणि पोट लादलं नसतं तर ती औषधांवर, बेताने का होईना, चालली फिरली असती. आता खुबे निखळले होते, गर्भपिशवी सडली होती, आणि विष अंगभर पसरलं होतं. ऑपरेशन झेपायच्या पलीकडे ती गेली होती. त्यांनी काय करता येईल ते सांगितलं आणि बाबांकडे पाहिलं.

आईने तिथे बसायला नकार दिला. ती मला घेऊन बाहेर आली. दार काचेचं होतं. बाबांनी ठिपकीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलेलं मला दिसलं. चिंधीही त्यांनी बरोबर आणली होती, ती तिच्या तोंडाशी ठेवली. डॉक्टरीणबाई वाकल्या. बाबांचे ओठ हलत होते. काय म्हणत होते ते काचेतून कळलं नाही. मग ओठ थांबले.

ती दीड वर्षांचीही नव्हती. मी तिला त्या सैल खुब्यांसकट जन्म दिला आणि एवढंच मी तिला दिलं.

या सगळ्याला आता काही महिने झाले. मी तीन वर्षांची होईन. पोटावर दोन वेळा कापल्याच्या खुणा आहेत, थंडीत ओढ बसते, बाकी बरी आहे. ताई एकदा येऊन गेली. बाबांशी बोलली, थोडंच, पण बोलली.

गेल्या महिन्यात चष्मेवाले काका जिन्याखालच्या जागेत आम्हाला शोधत आले. आमच्याकडून पिल्लू मिळालं नाही म्हणून त्यांनी दुसरीकडून एक मादी आणली होती, तपकिरी, कान उडवत चालणारी. ते म्हणाले, दहा महिन्यांची झालीय, माजावर आलीय, तुमच्या ओळखीत चांगला नर असेल तर सांगा.

बाबा रोलर पुसत होते. पुसायचे थांबले.

"नाही," ते म्हणाले.

"ओळखीत कुणी नाही?"

"ओळखीत आहे. सांगणार नाही."

इतक्या वर्षांत मी बाबांच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. काका नाराज झाले, उठून निघाले. बाबांनी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. फाटकाशी पाठ करून उभं राहिल्याचंही सांगितलं, मशीन पुन्हा सुरू केल्याचंही. आई घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे हात चालत नव्हते. शेवटी बाबा म्हणाले, दोन वर्षांची होईपर्यंत तिला घरात सांभाळा. तोवर तिच्या आणि नराच्या तपासण्या करून घ्या. तेवढं करायची तयारी नसेल तर सरळ ऑपरेशन करून टाका, मी येतो बरोबर. आणि कुणी पिल्लू मागितलं तर आत्ताच नाही म्हणा.

काका ऐकतील की नाही, मला ठाऊक नाही. पण परवा ते डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर दिसले, म्हणून थोडी आशा आहे.

तुमच्याही घरात कुणी असेल. तिचे रक्ताचे डाग फरशीवर पडतील तेव्हा तुम्हाला वाटेल की ती मोठी झाली. ती मोठी झालेली नसते. तिच्या शरीराने एक दार किलकिलं केलेलं असतं, आणि दाराच्या आत अजून खोलीच बांधून झालेली नसते. तुम्ही थांबा. ती सांगू शकत नाही, म्हणून मी सांगतेय.

काका रोज सकाळी त्या तपकिरीला घेऊन आमच्या दारावरून जातात. माज संपलाय तिचा. ती पट्ट्याला हिसका देऊन आत घुसते, माझ्या अंगावर उडी मारते आणि माझा कान दातांत धरून ओढते. दुखतं. आई तिला हाकलायला उठते.

मी हलत नाही. ओढू दे तिला.